वाचकांचे प्रश्न : टोपीवरचा बिल्ला, बाहीवरचं चिन्ह आणि आजोबांची डबी

देवळालीतली तोफखाना शाळा, नाशिक रोडचं आर्टिलरी सेंटर, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना शिकवणारी शाळा, शिवाय जिल्ह्यात गावोगाव निवृत्त सैनिक. नाशिककरांना गणवेश नवा नाही. तरी या वेळी आलेल्या पत्रांतून एक गोष्ट सारखी जाणवली. चित्राकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण ते अंगावर नेमकं कुठे लावलंय इकडे जात नाही. बिल्ल्याचा निम्मा अर्थ त्याच्या जागेत असतो. म्हणून उत्तरांत जागेवर भर दिला आहे.

प्रश्न : नाशिक रोड स्टेशनवर दोन जवान शेजारी बसले होते. दोघांच्या टोपीवर तोफेचा बिल्ला अगदी सारखा. पण एकाच्या बाहीवर काळ्या कापडावर लाल गोळा, तर दुसऱ्याच्या बाहीवर झाडाचं पान. मग ते एकाच दलातले की वेगळ्या? (एक वाचक, जेल रोड)

एकाच दलातले, पण नेमणूक वेगवेगळ्या ठिकाणी. टोपीवरचा बिल्ला माणूस कोणत्या रेजिमेंटचा ते सांगतो, आणि जवानाच्या बाबतीत तो बहुधा भरतीपासून निवृत्तीपर्यंत तोच राहतो. बाहीच्या वरच्या भागावरचं कापडी चिन्ह म्हणजे फॉर्मेशन साइन. त्याची तुकडी सध्या कोणत्या डिव्हिजनच्या, तिच्याहून मोठ्या कोअरच्या किंवा सगळ्यांत मोठ्या कमांडच्या हाताखाली आहे ते त्यावरून कळतं. तुकडी हलली की ते चिन्ह उतरतं आणि नव्या ठिकाणचं चढतं. थोडक्यात, टोपीवर घराणं आणि बाहीवर सध्याचा पत्ता.

काळ्यावर लाल गोळा हे पाचव्या डिव्हिजनचं चिन्ह. दुसऱ्या महायुद्धात ही डिव्हिजन पूर्व आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत लढली. सैन्यात तिला ‘बॉल ऑफ फायर’ म्हणतात. चिनारचं पान काश्मीरमधल्या पंधराव्या कोअरचं. त्या पानामागची पार्श्वभूमी पुन्हा दिसली तर नीट पाहा : लाल, पांढरा, लाल असे आडवे पट्टे. ती कोअरची खूण आहे. कमांडच्या चिन्हावर मधला पट्टा काळा असतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडच्या लाल-काळ्या-लाल पट्ट्यांवर दक्षिण गोलार्धातल्या ‘सदर्न क्रॉस’ या तारकासमूहाचे तारे आहेत. म्हणजे चित्र ओळखता आलं नाही तरी पट्ट्यांच्या रंगावरून किती मोठ्या मुख्यालयाचं चिन्ह आहे ते समजतं. डिव्हिजनच्या चिन्हांना असे पट्टे नसतात.

या चिन्हांवर नाव किंवा आकडा नसतो, त्यालाही कारण आहे. ही पद्धत पहिल्या महायुद्धात रुजली. आपल्या माणसाला गाडी किंवा तुकडी लांबून ओळखू यावी, पण शत्रूच्या हाती आकडा लागू नये, हा हेतू होता. म्हणून चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड, सतराव्या डिव्हिजनचं काळं मांजर अशी नुसती चित्रं आली. काळं मांजर आडवं गेलं की आपल्याकडे लोक थबकतात. ब्रह्मदेशच्या आघाडीवर मात्र तेच बाहीवर लावून माणसं लढली, आणि ते चिन्ह सतराव्या डिव्हिजनने आजवर जपलं आहे.

प्रश्न : तोफखान्याच्या बिल्ल्यावरच्या शब्दांचा अर्थ काय? आणि तोफखान्याची डोरी, म्हणजे गणवेशावर खांद्याभोवती लावलेली दोरी, उजव्या खांद्यावर असते ती एकदा तोफा सोडून पळाल्याची शिक्षा आहे, असं ऐकलं. खरं आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, देवळाली कॅम्प)

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी : हे साफ खोटं आहे आणि पुढे कुणाला सांगू नये. ही कंडी मूळची इंग्रजांच्या तोफखान्याबद्दलची, तिथून इकडे आली. डोरीचा उगम कामाचा आहे. तोफगोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या फ्यूजची किल्ली, चाकू, घोड्याच्या खुरातले खडे काढायचा आकडा अशा वस्तू तोफचीला क्षणात हाताशी लागायच्या, म्हणून त्या दोरीला बांधून खिशात ठेवत. ही डोरी आधी डाव्या खांद्यावर होती. पण काडतुसांचा पट्टाही डाव्या खांद्यावरून जायचा, त्यामुळे खिशातली वस्तू काढताना अडचण होई. पहिल्या महायुद्धानंतर ती उजवीकडे आली. घोडे गेले, फ्यूजच्या किल्ल्या बदलल्या, डोरी शोभेची झाली, पण खांदा तोच राहिला.

आता शब्द. वर ‘सर्वत्र’ आणि खाली ‘इज्जत-ओ-इकबाल’. अर्थ, सगळीकडे मान आणि यश. यातला ‘सर्वत्र’ फार महत्त्वाचा. पायदळाच्या पलटणींना ज्या लढाया गाजवल्या त्यांची नावं ‘बॅटल ऑनर’ म्हणून मिळतात आणि ती निशाणावर भरतकामाने लिहिली जातात. तोफखाना प्रत्येक लढाईत कुणाच्या तरी पाठीशी असतोच, मग कोणती नावं लिहायची आणि कोणती गाळायची? इंग्रजी तोफखान्याला १८३० च्या दशकात लढायांच्या यादीऐवजी ‘सर्वत्र’ याच अर्थाचा एक लॅटिन शब्द मिळाला. आपल्या रेजिमेंटने तीच कल्पना आपल्या भाषेत आणली.

दुसरी गोष्ट, तोफखान्याला पायदळासारखं वेगळं निशाण नसतं. तोफ हेच त्याचं निशाण. म्हणून संचलनात तोफांना निशाणाचा मान मिळतो, आणि तोफ शत्रूच्या हाती पडणं ही निशाण गमावण्याइतकी नामुष्की मानली जाते. बिल्ल्यावर तोफ आहे ती हत्याराचं चित्र म्हणून नाही, निशाण म्हणून. हे कळलं की तो बिल्ला वेगळा दिसू लागतो.

२८ सप्टेंबरला देवळालीत आणि नाशिक रोडला ‘गनर्स डे’ साजरा होतो, तो १८२७ साली याच तारखेला उभी राहिलेल्या पाचव्या बॉम्बे माउंटन बॅटरीच्या, म्हणजे डोंगरी तोफांच्या तुकडीच्या, स्मरणार्थ. पुढे याच तोफखान्यातून दोन शाखा वेगळ्या झाल्या, त्याही ओळखून ठेवा. १९८६ साली आर्मी एव्हिएशन (लष्कराची हेलिकॉप्टर शाखा), तिची बेरेट, म्हणजे मऊ गोल टोपी, राखाडी आणि ब्रीद ‘सुवेग व सुदृढ’. १९९४ साली हवाई संरक्षण दल, ब्रीद ‘आकाशे शत्रून् जहि’. गांधीनगर परिसरात राखाडी बेरेट दिसली तर तो माणूस बहुधा हेलिकॉप्टरवाला.

प्रश्न : सिन्नरजवळच्या आमच्या गावी माळ्यावर आजोबांची पत्र्याची डबी सापडली. त्यात मुकुट असलेला तोफेचा पितळी बिल्ला, ताऱ्याच्या आकाराची दोन पदकं आणि दोन गोल पदकं आहेत. बिल्ल्यावर मागून हिरवा मेणचट थर आलाय. आई म्हणते चिंच लावून लख्ख करू. करावं का? आणि आजोबा नेमके कुठे होते ते कळेल का? (एक वाचक, सिन्नर)

आईंना सांगा, चिंच नको. लिंबू, ताक, देवघरातल्या भांड्यांची पावडर, राख, यातलंही काही नको. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थात मुरवलं की वरच्या थरातलं जस्त आधी सुटतं आणि तांबूस गुलाबी डाग राहतो. तो पुसून जात नाही, कारण ते वर बसलेलं काही नसतं, धातूच बदललेला असतो. शिवाय जुन्या बिल्ल्यांवर कधीकधी सोन्याच्या पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. तो एका घासण्यात जातो.

ब्रासोसारखं पॉलिशही टाळा. सेवेतला जवान रोज पॉलिश करतो ते त्याच्या रोजच्या वापरातल्या बिल्ल्याला. ऐंशी वर्षांच्या बिल्ल्याला ते दोन प्रकारे बाधतं. एक, त्यात घासणारी भुकटी असते. तोफेच्या चाकाच्या आऱ्या, फितीवरची अक्षरं दरवेळी थोडी झिजतात, आणि खाचेत राहिलेली पांढरी भुकटी ओल धरते. दोन, अशा पॉलिशमध्ये अमोनिया असतो, आणि ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियाचं वावडं आहे. हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेला याचा अनुभव पावसाळ्यात आला होता. तबेल्यात साठवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पावसाळी ओल यांमुळे हे घडतं, हे १९२१ साली उलगडलं. ठशात दाबून बनवलेल्या बिल्ल्याच्या मागच्या कड्या मोडतात, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं.

मग करायचं काय? आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून. मऊ ब्रशने धूळ झाडा. मागचा हिरवा मेणचट थर हा चामड्याच्या किंवा कापडाच्या तेलकटपणाची तांब्याशी झालेली अभिक्रिया आहे. तो मऊ असतो, त्यामुळे बांबूच्या टूथपिकने हळूच उचलला जातो. सुई किंवा ब्लेड वापरू नका. उरलेला भाग कापसाच्या काडीवर दोन थेंब सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसा, कापूस हिरवा झाला की लगेच नवा घ्या. बिल्ल्यावर रंग किंवा मीना असेल तर स्पिरिट तिथे लागू देऊ नका. इतकंच. पुढचा तपकिरी रंग तसाच ठेवा, ती त्याची साय आहे.

हिरवा थर मेणचट नसून फिकट, भुकटीसारखा असेल आणि पुसल्यावर काही आठवड्यांत त्याच ठिकाणी परत येत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. धातूच्या आत क्षार शिरलेत आणि ओल मिळाली की ते खात राहतात. असा बिल्ला इतर वस्तूंपासून वेगळा काढा, अगदी कोरड्या जागी ठेवा आणि संग्रहालयाचं काम करणाऱ्या जतनतज्ज्ञाला दाखवा.

ठेवण्यासाठी घट्ट झाकणाचा डबा, आत पेज नसलेलं, धुतलेलं सुती कापड आणि दहा-वीस ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलणारं जेल घ्या. नारिंगी जेल हिरवं झालं की ते ओलीने भरलं असं समजा आणि वाळवून परत वापरा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला डबा उघडून पाहा. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पाकिटात पदकं कधी ठेवू नका, त्यातून निघणारा अंश धातूला चिकट हिरवा करतो. रबरबँड आणि लोकरीचं कापडही नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

आता आजोबा कुठे होते ते. मुकुट असल्यामुळे बिल्ला २६ जानेवारी १९५० च्या आधीचा. त्या दिवसापासून आपल्या सैन्यातून मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. फितीवर इंग्रजीत ‘आर. आय. ए.’ किंवा ‘रॉयल’ शब्द असेल, तर काळ आणखी आवळता येतो. भारतीय तोफखान्याला ‘रॉयल’ हा किताब १९४५ साली मिळाला, म्हणजे बिल्ला १९४५ ते १९५० मधला.

पदकांवर तर आजोबांचं नावच असण्याची दाट शक्यता आहे. दुसऱ्या महायुद्धाची पदकं इंग्लंडमधल्या सैनिकांना नाव न घालता मिळाली, पण भारतीय सैनिकांच्या पदकांवर नावं ठोकलेली असतात. गोल पदक असेल तर कडेवर, तारा असेल तर मागच्या सपाट बाजूला पाहा. प्रकाश तिरका पाडा, भिंग घ्या. आधी नंबर, मग हुद्दा, नाव आणि शेवटी दलाची आद्याक्षरं असा क्रम असतो. ‘जी. एन. आर.’ म्हणजे गनर, ‘एन. के.’ म्हणजे नाईक. अक्षरं उमटत नसतील तर मऊ पेन्सिलीने पातळ कागदावर ठसा घ्या. याच कारणाने पदकाची कड कधी घासू नये. ती झिजली की माणसाचं नाव गेलं.

ताऱ्यांवरचं नाव मोहीम सांगतं. रिबन शिल्लक असेल तर तीही बोलते. ‘आफ्रिका स्टार’ची रिबन वाळूच्या रंगाची, मधला लाल पट्टा भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. रिबन फाटली असेल तर ३२ मिलिमीटर रुंदीची नवी मिळते, पण जुनी टाकू नका. कागदात सपाट ठेवून त्याच डब्यात असू द्या.

पदकावरचा नंबर हाती लागला की खरं काम सुरू होतं. तोफखान्याच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारं आर्टिलरी रेकॉर्ड्स हे कार्यालय नाशिक रोडलाच आहे. नंबर, नाव, गाव, तुमचं नातं आणि नात्याचा पुरावा जोडून पत्र लिहा. पत्राचा नमुना आणि मदत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळू शकते. आजोबा मराठा पलटणीत असते तर हेच पत्र बेळगावला आणि महार रेजिमेंटला असते तर मध्य प्रदेशातल्या सागरला गेलं असतं.

प्रश्न : जुन्या बाजारात लष्करी बिल्ले मिळतात. खरा कसा ओळखावा? (संग्राहक, पंचवटी)

मुकुटापासून सुरुवात करा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, म्हणजे १९०१ पर्यंतच्या मुकुटाच्या कमानी मध्ये खचलेल्या दिसतात. त्यानंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल. एलिझाबेथ राणीच्या मुकुटाच्या कमानी पुन्हा मध्ये दबलेल्या, पण ती गादीवर आली १९५२ साली, तोवर आपल्या सैन्यातून मुकुट जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यामुळे एलिझाबेथचा मुकुट असलेला ‘भारतीय रेजिमेंटचा जुना बिल्ला’ कुणी दाखवला, तर भाव विचारायचीही गरज नाही.

मग पाठ पाहा. ठशात दाबलेल्या बिल्ल्याच्या मागे पुढच्या चित्राचा उलटा ठसा खोल उमटलेला असतो. ओतीव बिल्ला जड, मागे सपाट आणि रवाळ. भारतात काही अस्सल बिल्लेही ओतीव बनत, त्यामुळे ओतीव म्हणजे खोटा असं नाही. पण अस्सल बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल आकाराने किंचित लहान भरते, कारण पितळ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं. चार सेंटिमीटरच्या बिल्ल्यात हा फरक अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचा. व्हर्निअर कॅलिपरने खात्रीच्या बिल्ल्याशी ताडून पाहा. नक्कलेत बारीक रेषा बोथट होतात आणि खाचांत हवेचे सूक्ष्म खड्डे राहतात. मागची कडी नव्या चकचकीत डाखाने जोडलेली असेल तर कारण विचारा.

महार रेजिमेंटचा बिल्ला मिळाला तर मधोमध काय आहे ते बघा. ही रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली, तेव्हा बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे एकमेकींना छेदणाऱ्या दोन मशीनगन आल्या, आणि स्तंभाच्या जागी खंजीर आला. स्तंभ असलेला बिल्ला दुर्मिळ, म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावरचा बिगुल सजावटीचा नाही. लाइट इन्फंट्री विखरून, चपळाईने लढायची, त्यामुळे ढोलाच्या ठेक्यावर ओळीत चालण्याऐवजी बिगुलाच्या इशाऱ्यावर हलायची. बिगुल ही त्या लढण्याच्या पद्धतीची खूण आहे.

प्रश्न : सुभेदाराच्या खांद्यावर दोन तारे आणि लेफ्टनंटच्याही दोनच. फरक काय? (एक वाचक, ओझर)

सुभेदाराच्या ताऱ्यांसोबत खांद्याच्या पट्टीवर एक रंगीत आडवी फीत असते, लेफ्टनंटच्या नसते. तोच फरक सुभेदार मेजर आणि मेजरमध्ये : दोघांच्या खांद्यावर सिंह, पण सुभेदार मेजरच्या सिंहाखाली फीत. नायब सुभेदार एक तारा आणि फीत. लान्स नाईक, नाईक, हवालदार यांचे हुद्दे बाहीवर : एक, दोन, तीन अशा टोक खाली असलेल्या व्ही आकाराच्या पट्ट्या, आणि त्या आपल्या सैन्यात फक्त उजव्या बाहीवर.

तारे आणि सिंह काळे दिसले तर गोंधळू नका, रायफल रेजिमेंटचे अधिकारी काळे बिल्ले लावत आले आहेत. मात्र १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि वरचे सगळे अधिकारी एकसारखाच गणवेश घालतात. टोपी, खांद्यावरचे बिल्ले, पट्टा, बूट सगळं समान, डोरी नाही. त्या हुद्द्यावर माणूस एका रेजिमेंटचा न राहता सगळ्यांचा व्हावा, हा त्यामागचा विचार.

प्रश्न : मी एनसीसीत नवीन आहे. माझी बेरेट डोक्यावर पोळीसारखी पसरते आणि हॅकल (बिल्ल्यामागचा पिसांचा तुरा) वाकडा होतो. काय करू? (कॅडेट, नाशिक)

बेरेट घडवावी लागते. लोकरीचीच असली पाहिजे, सिंथेटिक बेरेट आकार धरत नाही. बिल्ला आणि हॅकल काढून ठेव. कोमट पाण्यात फक्त लोकरीचा भाग भिजव, कडेची पट्टी शक्यतो कोरडी राहू दे. पाणी गरम नको, लोकर आटून बेरेट एक माप लहान होते. पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब.

ओली असतानाच आरशासमोर डोक्यावर घाल. पट्टी भुवयांच्या वर दोन बोटं, चारी बाजूंनी आडवी सरळ. बिल्ल्यामागचा कडक तुकडा बरोबर डाव्या डोळ्यावर. आता वरचं कापड उजवीकडे ओढून उजव्या कानाच्या दिशेने खाली दाब, पुढच्या बाजूच्या सुरकुत्या तळहाताने बसव. अर्धा तास तशीच ठेव, मग डोक्याच्या मापाच्या उपड्या पातेल्यावर सावलीत वाळव. एकदा पुरत नाही, दोन-तीन वेळा करावं लागतं. मागची नाडी डोक्याच्या मापाने आवळून गाठ आत खोच. लोंबती नाडी परेडमध्ये पहिली दिसते. कापडावरचे गोळे कोरड्या रेझरने अगदी अलगद काढ.

हॅकल वाकडा होतो तो बहुधा बिल्ल्याची मागची पिन सैल असल्यामुळे. हॅकलची दांडी बिल्ला आणि कापड यांच्या मध्ये सरळ उभी बसवून पिन पूर्ण आत घाल, गरज पडल्यास पिनेखाली जाड कापडाचा छोटा तुकडा दे. खऱ्या पिसांचा हॅकल चिकटला असेल तर किटलीच्या वाफेपासून वीतभर लांब धरून झटक. नायलॉनचा असेल तर वाफ अजिबात नको, तो वळतो.

प्रश्न : आमचं नाट्यमंडळ सैनिकी विषयावर एकांकिका करतंय. खरे बिल्ले आणि हुबेहूब गणवेश वापरले तर चालतील का? (नाट्यमंडळ, गंगापूर रोड)

रंगमंचावर सैनिकाची भूमिका करणं गुन्हा नाही. कायदा हेतू बघतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिकासारखा वेश करणं किंवा खूण बाळगणं यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून वेश रंगपटातच चढवा आणि तिथेच उतरवा. त्याच कपड्यांत चहाला बाहेर पडू नका, दुचाकीवरून घरी जाऊ नका. आपल्याकडे छावणी जवळ आहे, अशा वेळी चौकशी होणं स्वाभाविक आणि योग्यच.

हुबेहूबपणाचा हट्ट मात्र सोडा. २०२२ च्या सेना दिनी आलेल्या नव्या डिजिटल छपाईच्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीचे हक्क सैन्याने नोंदवून घेतले आहेत, त्या नक्षीचं कापड बाजारातून घेऊ नका. मेजर आणि वरच्या बहुतेक हुद्द्यांवरचे सिंह हे आपलं राष्ट्रचिन्ह, त्याच्या गैरवापरासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सोपा आणि चांगला मार्ग म्हणजे काल्पनिक रेजिमेंट. साधा खाकी किंवा हिरवा गणवेश, स्वतः रेखलेला बिल्ला, तारे दोन किंवा तीन, म्हणजे लेफ्टनंट किंवा कॅप्टन. प्रेक्षकाला तिसऱ्या रांगेतून तेवढंच दिसतं.

काही चिन्हं तर नाटकातही लावू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. शौर्यपदकांच्या रिबनी आणि पॅरा स्पेशल फोर्सेसचा ‘बलिदान’ बिल्ला. पंख असलेला, टोक खाली रोखलेला खंजीर आणि त्याच्या पात्यावरच्या फितीवर ‘बलिदान’ हा शब्द. तो फक्त स्पेशल फोर्सेसचे जवान उजव्या खिशावर लावतात, आणि तो मिळवताना माणसं जिवावर उदार होतात. जून २०१९ मध्ये विश्वचषकात महेंद्रसिंह धोनीच्या ग्लोव्ह्जवर ते चिन्ह दिसलं, तेव्हा आयसीसीने ते काढायला लावलं. तिथे नियम क्रिकेटच्या साहित्याचा होता. पण त्यानंतर हा बिल्ला टी-शर्टवर आणि गाडीच्या काचेवर सर्रास दिसू लागला. विकत घेतलेलं ‘बलिदान’ मिरवू नये.

प्रश्न : वडील सैन्यात होते, आता नाहीत. २६ जानेवारीच्या कार्यक्रमाला त्यांची पदकं मी लावू शकते का? त्यांच्या ब्लेझरवरचं जरीचं चिन्ह काळवंडलंय, ते धुऊ का? (एक वाचक, देवळाली गाव)

पदकं लावण्याची रूढ पद्धत अशी : ज्याने मिळवली तो डाव्या छातीवर लावतो, त्याच्या माघारी घरचं माणूस उजव्या छातीवर. उजवीकडे लावलेली पदकं पाहून कुणीही जाणकार ओळखतो की ही वारशाने आलेली आहेत. साडी असेल तर पदकांचं वजन पदराच्या एका पिनेवर देऊ नका, कापड फाटतं. पदकं लावलेल्या पट्टीच्या दोन्ही टोकांना पिना हव्यात आणि ब्लाउजच्या आत जाड कापडाचा तुकडा. शक्य असेल तर वर जाकीट घाला आणि त्यावर लावा. क्रम वडिलांनी लावला होता तोच ठेवा.

जरीचं चिन्ह धुऊ नका आणि ब्लेझरसोबत ड्रायक्लीनलाही देऊ नका. जर म्हणजे धाग्यावर गुंडाळलेली धातूची तार. पाण्याने आतला धागा आटतो आणि तार सुटी होऊन वर येते. काळेपणा घाम, अत्तर आणि गंधकामुळे येतो आणि तो पूर्ण जात नाही. ब्लेझरच्या आतून चिन्ह पिनांनी बसवलंय की टाके घातलेत ते पाहा. पिना असतील तर काढा, टाके असतील तर एकेक कापून चिन्ह मोकळं करा. कोरड्या मऊ ब्रशने जरीच्या दिशेनेच झाडा, आडवं नको. सुटलेली तार कापू नका, त्याच रंगाच्या बारीक रेशमी धाग्याने जागेवर दाबून एक टाका घाला. ब्लेझर क्लीन होऊन आला की डाव्या खिशाच्या मधोमध, खिशाचं तोंड शिवलं जाणार नाही असं बसवा. इस्त्री करायचीच तर चिन्ह उपडं टॉवेलवर ठेवून मागून, वाफ बंद करून. अत्तर मारायचं ते ब्लेझर चढवण्याआधी.